सातव्या दिवशी धमनी आकसलेली दिसत नाही: चूक टोचण्यात की मॉडेलमध्ये?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी):
नमस्कार. अ‍ॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) फुटून मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर काही दिवसांनी तिथल्या धमन्या आकसतात, म्हणजे ज्याला आपण व्हॅसोस्पाझम म्हणतो, त्यावर एका औषधाचा परिणाम तपासण्याचे माझे काम चालू आहे. रॅटच्या सिस्टर्ना मॅग्नामध्ये (मेंदूच्या मागे खाली असलेल्या द्रवाच्या पोकळीत) त्याचेच धमनीतले रक्त एकदा टोचले आणि सातव्या दिवशी बेसिलर धमनीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या मुख्य धमनीचे) छेद घेतले, परंतु सलाइन टोचलेल्या गटात आणि रक्त टोचलेल्या गटात मला काहीच फरक आढळला नाही. सहा प्राणी खर्ची पडले आहेत आणि पुढचे वापरण्याआधी चूक समजून घेणे मला आवश्यक वाटते.

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्र विभाग):
सातवा दिवस तुम्ही रुग्णांच्या वेळापत्रकावरून घेतलेला दिसतो. माणसात आकुंचन साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. रॅटमध्ये एकदाच रक्त टोचल्यास पहिले आकुंचन काही मिनिटांतच येते, दुसरे दुसऱ्या दिवसाच्या सुमारास येते, आणि गुठळी लवकर विरघळून जात असल्यामुळे सातव्या दिवसापर्यंत पाहण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणूनच ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्त टोचण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरी शंका फिक्सेशनबद्दल, म्हणजे ऊती रसायनाने आहे तशा टिकवण्याबद्दल आहे. फिक्सेटिव्ह हृदयातून सोडताना बाटली किती उंचीवर टांगली होती? १०० मिमी पाऱ्याइतका दाब हवा असेल, तर द्रवाची पातळी हृदयापासून सुमारे १३५ सेंटिमीटर वर असावी लागते. दाब कमी पडला की निरोगी धमनीसुद्धा मिटते, तिचे आतले लवचिक पटल नागमोडी होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गट सारखेच आकसलेले दिसतात. तुमच्या सलाइन गटाच्या काचपट्ट्या याच दृष्टीने पुन्हा पाहा.

उत्तर २ (प्राणिप्रयोगांचा अनुभव असलेला वाचक):
वरच्या दोन्ही मुद्द्यांशी सहमत आहे. केवळ आकुंचनाचा अभ्यास करायचा असेल, तर कुत्र्यातले दुहेरी रक्तस्रावाचे मॉडेल अधिक भरवशाचे मानले गेले. त्यात पहिल्या दिवशी आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त टोचतात, आणि त्याच प्राण्याची आधीची व सातव्या दिवसाची अँजिओग्राफी (धमन्यांचे क्ष-किरण चित्र) शेजारी ठेवून बेसिलर धमनी मोजता येते. मात्र त्या प्राण्यांत मेंदूला इजा क्वचितच होते. धमनी अरुंद झालेली दिसते, पण प्राणी चालतो-खातो.

याउलट रॅटमध्ये बाह्य कॅरॉटिडच्या (मानेतल्या धमनीच्या बाहेरील शाखेच्या) खुंटातून नायलॉनचा धागा आंतर कॅरॉटिडमध्ये सरकवून फाट्यापाशी धमनीला भोक पाडले, तर कवटीतला दाब अ‍ॅन्युरिझम फुटल्याप्रमाणेच झटक्यात चढतो आणि मेंदूला खरी इजा होते. परंतु किती रक्त सांडेल यावर आपला ताबा राहत नाही आणि बरेच प्राणी दगावतात. हे नुकसान मला आजही सहजपणे स्वीकारता येत नाही, त्यामुळे प्रश्न नेमका ठरल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर ३ (मेंदूशल्यचिकित्सक):
रुग्णांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. क्लॅझोसेंटान या धमनी-आकुंचन रोखणाऱ्या औषधाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँजिओग्राफीवरचे आकुंचन स्पष्टपणे कमी केले, तरी २०११ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती त्यामुळे सुधारली नाही. निमोडिपिन या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधाचे नेमके उलट आहे: रुग्णांना त्याचा फायदा होतो, पण धमन्या मात्र फारशा रुंदावलेल्या दिसत नाहीत. रक्तस्रावाच्या पहिल्या तासांतली इजा, सूक्ष्म गुठळ्या आणि मेंदूच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या विद्युत लहरी यांचाही वाटा असतो. त्यामुळे धमनीच्या व्यासाबरोबर प्राण्याच्या हालचालींची नोंद आणि मेंदूच्या ऊतीची तपासणी ठेवलीत, तर तुमचा निष्कर्ष आम्हाला उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ती:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. जुन्या काचपट्ट्या पाहिल्या: सलाइन गटातही पटल नागमोडीच आहे, म्हणजे दाब नक्की कमी पडला होता. आता दाबमापक जोडून आधी दोन निरोगी प्राण्यांत फिक्सेशन तपासते, आणि ते जमल्यावरच दुहेरी रक्तस्रावाकडे वळते.