कर्करोगावरील टी-पेशी उपचारासाठी प्रतिजन कोणत्या निकषावर निवडतात?

प्रश्न – विद्यार्थिनी, जळगाव
मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात असून चर्चासत्रासाठी हा विषय घेतला आहे. गाठीच्या पेशींवर जो प्रतिजन (रोगप्रतिकारक टी-पेशी ज्याला ओळखून हल्ला करतात तो रेणू) सर्वाधिक असेल तोच लक्ष्य म्हणून निवडत असतील, असे मी धरून चालले होते. परंतु सीडी१९ हा प्रतिजन प्रतिपिंडे बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असतो, तरीही आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या सीएआर-टी (प्रतिजन ओळखणारा कृत्रिम ग्राही, म्हणजे सीएआर, बसवलेल्या टी-पेशींच्या) उपचाराचे लक्ष्य तोच आहे. हे कसे? माझ्या आजोबांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला होता. त्या रोगासाठी असे लक्ष्य का सापडत नाही, हेही मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर – रक्तविकारतज्ज्ञ, धुळे
ताई, तो प्रतिजन शरीरात आणखी कोठे आहे आणि तेथील पेशी नष्ट झाल्या तर रुग्ण जगेल का, हे आधी पाहावे लागते. बी-पेशी गेल्या तरी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देऊन रुग्णाला सांभाळता येते. फुफ्फुसाच्या पेशींना असा पर्याय नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार, काही गाठींवर भरपूर असणारा एचईआर२ हा प्रतिजन लक्ष्य असलेल्या टी-पेशी दिल्यावर १५ मिनिटांतच रुग्णेला धाप लागली आणि पाच दिवसांनी तिचा मृत्यू झाला. फुफ्फुसाच्या पेशींवर एचईआर२ अगदी अल्प प्रमाणात असतो, पण तेवढाही पुरला असावा, असा निष्कर्ष निघाला.

उत्तर – प्रतिकारशास्त्र संशोधक, मूळचा भुसावळचा
डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला एक जोड देतो. प्रतिजन निर्धोक असला तरी त्याला ओळखणारा ग्राही फसू शकतो. एमएजीई-ए३ हा काही गाठींमधील प्रतिजन हृदयात नसतो, तरीही त्याच्यासाठी अधिक घट्ट बांधला जाईल असा बदललेला ग्राही हृदयस्नायूतील टायटिन या प्रथिनाच्या तुकड्यालाही चिकटला आणि दोन रुग्ण दगावले. ही हकीकत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

आजोबांच्या रोगाविषयी: तोंडाच्या कर्करोगात टीपी५३ या गाठ रोखणाऱ्या जनुकात वारंवार बिघाड आढळतो, पण त्याचे प्रथिन पेशीच्या आत असते आणि सीएआर केवळ पृष्ठभागावरचे पाहतो. आतल्या प्रथिनाचे तुकडे एचएलए रेणू बाहेर मांडतात. मात्र बिघाडाची जागा रुग्णागणिक बदलते आणि एचएलएचा प्रकारही, त्यामुळे एका रुग्णासाठी शोधलेले लक्ष्य शेजारच्या खाटेवरील रुग्णाला बहुधा चालत नाही. काही कर्करोगांना कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची ई६ आणि ई७ प्रथिने निरोगी पेशींत नसतात आणि गाठीला तगण्यासाठी लागतात, म्हणून ती उत्तम लक्ष्ये ठरतात. परंतु तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या बहुतेक गाठींत हा विषाणू नसतो.

विद्यार्थिनी, जळगाव
दोघांचेही मनापासून आभार. गाठीला तगण्यासाठी लागणे, हा निकष इतका महत्त्वाचा का, सर?

संशोधक
कारण ज्या प्रथिनावाचून गाठीचे अडत नाही, ते टाकून देऊन ती निसटते. सीडी१९ उपचारानंतर रोग उलटलेल्या काही रुग्णांच्या पेशींवर सीडी१९ उरलेलाच नसतो.