सोसायटी ग्रुप: बाळाची एमएमआर लस, द्यायची की थांबायचं?

बी-४०४: नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बाळाची एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस आहे. काल माहेरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, या लसीने मुलं स्वमग्न होतात, म्हणजे ऑटिझम होतो म्हणून. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुमच्या कुणाच्या मुलांना काही त्रास झाला होता का?

ए-१०१: मलाही आलाय तो. इतके लोक सांगतात म्हणजे काहीतरी असणारच. दोन वर्षं थांब, बाळ जरा अंगाने भरू दे.

सी-३०२: असले व्हिडिओ उघडूच नका. डॉक्टर सांगतील ते करायचं, विषय संपला.

बी-४०४: काका, विषय संपत नाही म्हणून तर विचारतेय. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही." पण मला तेवढ्याने धीर येत नाही.

ए-२०३: तुझं बरोबर आहे. "काही होत नाही" हे उत्तर मलाही पटत नाही, कारण आमच्या धाकट्याला झालं होतं. लस दिल्यावर नवव्या दिवशी रात्री ताप चढला. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि एकदम त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, मग सगळं अंग थडथडायला लागलं. यांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं म्हणून कळलं की दीड मिनिटच चाललं. मला ते संपेचना. नंतर तो माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपला आणि मी सकाळपर्यंत त्याचा श्वास मोजत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, ही तापाची आकडी. या लसीनंतर साधारण ३ ते ४ हजार डोसांमागे एखाद्या बाळाला येते, बहुधा दुसऱ्या आठवड्यात. दिसायला भयंकर, पण मेंदूला इजा करत नाही. कुठल्याही तापात ती येऊ शकते, आणि गोवरात तर ताप फार चढतो. हे आधी सांगितलं असतं तर मी त्या रात्री इतकी कोसळले नसते. दुसरा डोस द्यायच्या आधी मी पुन्हा सगळं विचारून घेतलं आणि मग दिला. त्या वेळी काही झालं नाही.

बी-४०४: ताई, वाचूनच काटा आला. आणि स्वमग्नतेचं?

ए-२०३: ते मी त्या काळात खूप वाचलं. १९९८ साली लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला, त्यातून हे सुरू झालं. मुलं किती, तर १२. पुढे उघड झालं की मुलांची निवड आणि नोंदी यांतच खोट होती, आणि लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ साली निष्कर्ष आला. लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त नव्हती. ज्यांच्या भावंडाला स्वमग्नता होती, त्या मुलांतही नाही.

पण लसीनंतरच मूल स्वमग्न झालं असं सांगणाऱ्या आईबापांना मी खोटं म्हणणार नाही. पहिला डोस साधारण वर्षाच्या आसपास असतो, आणि मूल हाकेला वळत नाही, नजर देत नाही, हेही त्याच सुमारास लक्षात यायला लागतं. आई आठवायला बसली की लसीची तारीख समोर येणारच.

ए-१०१: आणि त्यात पारा असतो तो?

ए-२०३: वहिनी, एमएमआरमध्ये तो कधीच नव्हता. ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूंची लस आहे, पाऱ्याचं संरक्षक घातलं तर विषाणूच मरतील. इतर काही लसींत असायचं. अमेरिकेत २००१ पर्यंत बाळांच्या जवळपास सगळ्या लसींतून काढलं, तरी स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच गेल्या.

ए-१०१: कंपन्या काय, लपवणारच.

ए-२०३: कंपनीच्या शब्दावर मीही जाणार नाही. म्हणून लस बाजारात आल्यावरच्या नोंदी बघायच्या. रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांना जुलाब लावणाऱ्या विषाणूवरची एक लस अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. काही बाळांचं आतडं आतड्यात अडकायला लागलं, साधारण १० हजारांत एकाचं. वर्षभरात ते सापडलं आणि १९९९ मध्ये लस बंद झाली. इतका विरळ धोका सापडतो, तर लाखो मुलांत स्वमग्नता झाकून राहील का?

बी-४०४: पण मग दोन वर्षं थांबले तर?

ए-२०३: थांबण्याची किंमत पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या देशाने मोजली. २०१८ मध्ये तिथे लसीनंतर दोन बाळं गेली. लस चांगली होती. पण लसीची भुकटी पाण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली होती. लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण काही महिने थांबलं. २०१९ च्या शेवटी गोवर शिरला आणि जेमतेम २ लाखांच्या देशात ८३ जीव गेले. बहुतेक पाच वर्षांच्या आतले. ते आकडे मी रात्री दोनला वाचत होते आणि धाकटा शेजारी झोपला होता.

गोवराचा रुग्ण खोलीतून गेला तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेल्या १० पैकी ९ जणांना तो गाठतो.

बी-२०२: एरवी मी इथे लिहीत नाही. माझ्या भाचीला रक्ताचा कर्करोग होता. उपचार चालू असताना तिला ही लस देता येत नव्हती. दोन वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या मुलांनी घेतलेल्या लसीवर विसंबून होतो. एवढंच.

सी-३०२: मी मघाशी तोडून बोललो. बाळाच्या आईला विचारायचा हक्क आहे. माफ कर पोरी.

बी-४०४: असं नका म्हणू काका. ताई, मी घेऊन जातेय बाळाला. मोठी अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर आधी सांगायचं, हे लिहून घेतलंय. फक्त आकडी आलीच तर काय करायचं ते लिहाल? आईलाही दाखवते.

ए-२०३: कुशीवर वळव. तोंडात काही घालू नको, चमचा नाही, बोट नाही, पाणीही नाही. हातपाय दाबून धरू नको. घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलाव. थांबली तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखव. आणि रात्री कितीही वाजले असले तरी माझी बेल वाजव.