कॉफी टेबल अल्बम ग्राहकांना कसा सुचवावा?

प्रश्न (कराडकर):
नमस्कार. मी 11 वर्षांपासून कराड परिसरात लग्नांचे छायाचित्रण करतो आणि आजवर 12×36 इंचांचा करिझ्मा अल्बमच देत आलो आहे. त्यात पस्तीस-चाळीस शीट, एकेका शीटवर आठ-दहा फोटो आणि मागे फुलांचे किंवा महालाचे तयार पीएसडी (फोटोशॉपमधील पार्श्वभूमीच्या फाइल) असतात. अलीकडे पुण्यात नोकरी करणारी मुले-मुली मोजके फोटो आणि भरपूर मोकळी जागा असलेला कॉफी टेबल अल्बम मागतात. मात्र पैसे बहुधा मुलीचे वडील देतात आणि मोकळे पान पाहिले की आपल्याला काहीतरी कमी मिळाले, असे त्यांना वाटते. हा अल्बम जुन्याऐवजी द्यावा की त्याच्या जोडीने?

उत्तर (अल्बम डिझायनर, पुणे):
जोडीनेच द्यावा. आहेर देताना स्टेजवर काढलेला मावशी-काकांचा फोटो नव्या अल्बमात बसत नाही, आणि तो कुठेच नसेल तर पुढची दहा वर्षे प्रत्येक कार्यात त्याची आठवण काढली जाते. म्हणून नातेवाइकांचे सगळे ग्रुप फोटो एका साध्या, स्वस्त अल्बमात घालावेत. कॉफी टेबल अल्बम मात्र 20 स्प्रेडचा (स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पाने), म्हणजे 40 पानांचा, ठेवून त्यात साठ-सत्तरच फोटो घ्यावेत. अंतरपाट दूर होतानाचा चेहरा, कानपिळीच्या वेळचे हसू, पाठवणीत बाजूला उभे राहिलेले वडील, असे क्षण त्यात यावेत. हा शेवटचा फोटो पाहिल्यावर मोकळ्या पानाची तक्रार करणारे वडील मला तरी अजून भेटलेले नाहीत.

उत्तर (कोकणातील छायाचित्रकार):
आकाराचाही विचार करावा. बहुतेक कॅमेऱ्यांची चौकट 3:2 (रुंदी:उंची) असते. 12×36 च्या शीटवर एकच फोटो पसरवला, तर त्याची निम्मी उंची कापावी लागते. ते टाळायला फोटो लहान ठेवला की उरलेली जागा भरण्यासाठीच ते महाल येतात, असे माझे मत आहे. 12×12 चा चौरस अल्बम उघडला की 12×24 चा स्प्रेड मिळतो आणि उंचीचा चौथा भागच जातो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून 6000×4000 पिक्सेलचा फोटो मिळत असल्यामुळे या स्प्रेडवर प्रति इंच 250 पिक्सेल राहतात, तर 12×36 वर जेमतेम 167. बांधणी सपाट उघडणारीच घ्यावी आणि तरीही नवरा-नवरीचा चेहरा मधल्या घडीवर येऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. नमुना म्हणून अल्बम छापणाऱ्या लॅबचाच अल्बम दाखवला तर चालेल का?

उत्तर (अल्बम डिझायनर, पुणे):
चालेल, पण त्यातले अनोळखी जोडपे पाहून कोणी थांबत नाही. आपण टिपलेल्या एखाद्या लग्नाचा, त्या कुटुंबाची लेखी परवानगी घेऊन, नमुना छापून घ्यावा. शिवाय फोटोंची निवड आपणच करून द्यावी आणि डिझाइनमधील बदल दोनच वेळा होतील, हे आगाऊ रक्कम घेतानाच लिहून द्यावे. नाहीतर अल्बम पहिल्या दिवाळसणापर्यंतही छापखान्यात जात नाही.

उत्तर (कोकणातील छायाचित्रकार):
अल्बम देताना तो आडवा ठेवायला सांगावे. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या अल्बमांना बुरशी येते, त्यामुळे मी पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या घालतो.