सातवीचा गृहपाठ आईबापांच्या ग्रुपवर कशाला हवा?

चौकटराणी (धागाकर्ती)

वाद होणार हे माहीत असूनच धागा काढतेय. पाचवीपर्यंत ठीक आहे, पण सहावी ते आठवीच्या मुलांचा रोजचा गृहपाठ आणि 'उद्या काय आणायचं' या सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं शाळांनी बंद करावं. बारा-तेरा वर्षांच्या घोड्यांना वर्गात सांगा, वहीत लिहू द्या, विसरले तर बोलणी खाऊ द्या. पालकांना जे खरंच कळायला हवं ते वेळेवर, एकदाच आणि नीट कळवा. सध्या सगळं याच्या उलट चाललंय.

नमुना बघा. रात्री पावणेदहाला मेसेज येतो: 'उद्या कार्यानुभवाच्या तासाला हिरवा व पिवळा घोटीव कागद, जाड पुठ्ठा व डिंक आणणे.' त्याखाली 'ओके मॅम', 'नोटेड मॅम', जोडलेले हात, अंगठे. मग एक बाबा विचारतात, 'पुठ्ठा कोणत्या साइजचा?' त्यावर तिघांची तीन उत्तरं. मध्येच कुणाचा तरी सुविचार. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय ती निवांत लोळत असते, कारण ग्रुपवर येणारच आहे हे तिला पक्कं ठाऊक. बाईंनी दुपारी वर्गात सांगितलं होतं, हिने लिहूनच घेतलं नाही.

या गदारोळात कामाचं वाहून जातं. घटक चाचणीचं वेळापत्रक कुठल्या तरी पीडीएफमध्ये वर सरकून गेलेलं असतं. सहलीच्या पैशांची शेवटची तारीख आदल्या संध्याकाळी कळते. आठवीच्या परीक्षेचंच घ्या. आपल्याकडे २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावं लागतं, नापास झालं तर पुन्हा एक परीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. आमच्या सोसायटीत मात्र अजून 'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हेच चालू आहे. शाळेने हे कुणाला कागदावर लिहून दिलं नाही. घोटीव कागदाचा रंग तेवढा बिनचूक कळवला.

महिन्याच्या सुरुवातीला एक पान द्या. त्यात तारखा, पैसे, परीक्षा, मुलाकडून काय अपेक्षा आहे आणि पालकाकडून काय. बाकी सगळं मुलाच्या दैनंदिनीत. बोला आता.

पाळीवाला

साफ नामंजूर.

मी चाकणला कंपनीत, तीन पाळ्या. दुसरी पाळी असली की आठवडाभर मुलाचं तोंड दिसतं ते तो झोपलेला असताना. बायको नर्स आहे, तिच्याही ड्युट्या बदलत्या. मुलाला फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, 'आज काही दिलं नाही.' जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडला की कळतं, भूगोलाचा नकाशा द्यायचाय आणि गणिताचा सराव संचही. ती एवढी एक खिडकी आहे आमच्याकडे. ती तुम्ही बंद करा म्हणताय, कारण तुम्हाला अंगठ्यांचा त्रास होतो.

आणि 'बोलणी खाऊ द्या' हे लिहायला छान वाटतं. बोलणी खाल्लेलं पोरगं घरी येऊन सांगत नाही. पुढच्या वेळी पोटात दुखतं म्हणून घरी बसतं.

चौकटराणी

@पाळीवाला, मीही नोकरीच करते, घरी बसून धागे काढत नाही. तुमचा मुलगा 'काही दिलं नाही' म्हणतो, कारण त्याला माहीत आहे की बाबा ग्रुप बघतातच. खिडकी तुमची आहे, मान्य, पण दप्तर भरायचं काम तुम्ही फोनवरून करताय. नववीला कोण करणार?

पाळीवाला

नववीचं नववीला बघू. आत्ता सातवी चालू आहे.

खडू-डस्टर

मी त्या पावणेदहाच्या मेसेजवाल्या बाई. म्हणजे तुमच्या शाळेतली नव्हे, पण आमच्याकडेही तोच वेळ असतो, म्हणून आतली गोष्ट सांगते.

अनुदानित शाळा, आठवीची वर्गशिक्षिका, वर्गात साठ मुलं. शाळा सुटायच्या सुमाराला वरून पत्र येतं, 'आजच्या आज माहिती भरून पाठवा.' कधी यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी माहिती, कधी आधारमधलं नाव जुळत नाही, कधी अपार आयडी या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाची संमतिपत्रं गोळा करा. ते उरकून घरी जायचं, स्वयंपाक करायचा, आणि मग आठवतं की उद्या कार्यानुभव आहे. हौस म्हणून कुणी रात्री मेसेज टाकत नाही हो.

शिवाय ही सवय लावली कुणी? दोन वर्षांपूर्वी मी गृहपाठ ग्रुपवर टाकणं बंद केलं होतं. चौथ्या दिवशी तिघी आया मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. 'शेजारच्या तुकडीच्या मॅम टाकतात, या का टाकत नाहीत?' मुख्याध्यापक म्हणाले, टाका ना, काय जातंय. झालं.

दैनंदिनीचं म्हणाल तर जूनमध्ये छापून हातात देतो. पहिल्या पानांवर सगळे नियम, गणवेश, हजेरी, रजेचा अर्ज, परीक्षेची पद्धत. कोण वाचतं? 'पालकांची सही' या रकान्यात माझ्या वर्गातले निम्मे पालक एकाच अक्षरात सही करतात, आणि ते अक्षर तिसऱ्या बाकावरच्या एका कलाकाराचं आहे.

महिन्याच्या पानाबद्दल. कल्पना चांगली, पण तारखा आमच्या हातात असतात असं समजू नका. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सगळं आम्हालाच ऐनवेळी कळतं. शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीवरून पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय २०२५ मध्ये झाला, तोही वर्ष अर्धं सरल्यावर. जूनमध्ये छापलेल्या कागदावर ते कुठून येणार? पान काढलं आणि तारीख बदलली की तुम्हीच ग्रुपवर येऊन विचारणार, 'मॅम, पानावर तर बारा तारीख आहे.'

एक मात्र पटलं. ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहावं. अंगठे बंद.

निमूट

गंमत सांगू? आमच्या सातवीच्या पोरांचा स्वतःचा वेगळा ग्रुप आहे, आयांच्या नंबरवरून चालवलेला. पालकांच्या ग्रुपवर यायच्या आधी गृहपाठ तिथे उत्तरांसकट असतो. तुम्ही भांडा.

निवृत्त घंटा

बाई, तुमचा त्रास खरा आहे. मी स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, 'आजच्या आज'वाली पत्रं आमच्याही काळात होती, फक्त शिपाई घेऊन यायचा. पण एक बाब स्पष्ट करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलं एक. ग्रुपवर टाकलं आणि दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे सांगितलं असं होत नाही. समोर बसवून सांगितलं पाहिजे.

त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, विनाअनुदानित शाळा सोडून. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. खासगी शाळांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. त्यात वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा आणि कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. चौकटराणी, तुमच्या शाळेत यंदा चिठ्ठ्या टाकल्या का? की गेल्या वर्षीच्याच ताई हार-तुरे घेऊन व्यासपीठावर आहेत? सहलीची तारीख आदल्या दिवशी का कळते, हा प्रश्न त्या समितीत विचारायचा असतो. इथे विचारून काय होणार.

चौकटराणी

सर, चिठ्ठ्या टाकल्याचं मी तरी ऐकलं नाही. समितीत कोण आहे ते बोर्डावर लावलंय म्हणतात. बोर्ड फाटकाच्या आत आणि पालकांना फाटकाच्या बाहेर उभं राहावं लागतं.

बालाघाट

शहरातल्या लोकांचा वाद वाचून करमणूक झाली. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी ते आठवी. माझ्याकडं तुमचा ग्रुपही चालत नाही अन् तुमचं महिन्याचं पानही.

दसरा-दिवाळीच्या आगंमागं गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी पार कर्नाटकात. पोरगं आजीपाशी राहतं, फोन बापापाशी फडात. म्हणजे मेसेज जातो उसाच्या फडात, पोरगं हाय गावात, अन् आजीला वाचता येत नाही. कागद दिला तर तो दप्तरातच राहतो. वाचून दाखवणारं घरात तेच पोरगं. ते काय वाचून दाखवील ते दाखवील.

आता खरं नुकसान कुठं होतं ते सांगतो. आठवीला एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरांच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, थेट मुलाच्या खात्यावर. सरकारी अन् अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. फॉर्म सुटल्यावर 'दाखला आणा' म्हणून कळवलं तर बाप कोल्हापूरकडं. येतो का तो दाखल्यासाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असताना? नाही येत. पोरगं हुशार असून राहून जातं.

म्हणून मी पोळ्याच्या आधीच घरोघर जातो. आठवीचं पोरगं असलेल्या प्रत्येक घरी बसतो, चहा घेतो, दाखला, आधार, बँकेचं पासबुक, तिन्ही बघतो. परीक्षेचा नियम सांगतो, आता आठवीला ढकलत नाहीत म्हणून. आणि गेल्यावर आवाजी मेसेज पाठवतो, लिहून नाही. आमच्याच बोलीत, अर्ध्या मिनिटात. फडातून माय परत बोलते, मागं ट्रॅक्टरचा आवाज, 'सर, त्याला म्हणावं आजीला तरास देऊ नको.' तेवढा निरोप मी वर्गात देतो.

तुम्ही भांडताय ते साधनावर. कुणाला कधी सांगायचं याचा हिशेब आधी करा.

खडू-डस्टर

@बालाघाट, सर, तुमची पटसंख्या किती? साठ घरी चहा घ्यायला मला तरी जमायचं नाही. बाकी उत्पन्नाच्या दाखल्याचं ऑगस्टमध्येच सांगायचं हे मात्र उचलते. आमच्याकडेही दरवर्षी दोघं-तिघं त्यापायी राहतात.

बालाघाट

तिन्ही वर्ग मिळून सत्तेचाळीस. चहा मात्र साठ घरांचा होतो, रस्त्यात दुसरेही बोलावतात.

शाईचा डाग

मी बराच वेळ नुसती वाचत होते, पण 'विसरले तर बोलणी खाऊ द्या' हे वाचून राहवलं नाही.

माझ्या सहावीतल्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, प्रमाणपत्र आहे, शाळेला माहीत आहे. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. त्याची दैनंदिनी उघडली की सापडतं: 'उद्या हि'. पुढे घंटा झालेली. हिंदीचं काय, हिरवा कागद, की हिशेबाची वही? तो ढिलाई करत नाही, त्याचा हात पोचत नाही. ग्रुपवरचा मेसेज मी त्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि तो स्वतः दप्तर भरतो. चौकटराणी, तुमच्या मुलीला जबाबदारी शिकवायला माझ्या मुलाची काठी काढून घेऊ नका.

चौकटराणी

तुमच्या मुलाला मेसेज मिळायलाच हवा, यात वाद नाही. पण मग बाईंनी तो तुम्हाला आणि ज्यांना गरज आहे अशा चार-पाच घरांना वेगळा पाठवावा. साठ घरांना कशासाठी?

शाईचा डाग

वेगळा पाठवला की त्या चार-पाच घरांची यादी तयार होते. ती यादी वर्गात दुसऱ्या दिवशी पोचते. सगळ्यांना जातोय तोवर त्याला कुणी काही म्हणत नाही. शाळा बदलून आलोय आम्ही, याच कारणासाठी.

निमूट

यावर चौकटराणींनी उत्तर द्यावं असं मला वाटतं. मी तर माघार घेतली.

चौकटराणी

यादी होते हे खरं, आणि त्यावर माझ्याकडे आत्ता तोडगा नाही. तरी रोज साठ घरांत दप्तर आईने भरायचं हे मला पटत नाही. असं करता येईल? गृहपाठ ग्रुपवर टाका, पण वर्गात मुलांनी लिहून घेतलंय हे बघितल्यावरच. आणि गृहपाठाचा ग्रुप वेगळा, तारखा-पैसे-परीक्षांचा वेगळा. दुसऱ्यावर महिन्यात चार-पाचच्या वर मेसेज नकोत.

पाळीवाला

दोन ग्रुप चालतील. पैशांची तारीख मात्र पगाराच्या नंतरची ठेवा, सात ते दहा. सहलीचे पैसे महिन्याच्या पंचवीस तारखेला मागणाऱ्या शाळेत पगार एक तारखेला होतो का, तेही कुणीतरी विचारा.

खडू-डस्टर

पंचवीसला आमचाही खिसा रिकामाच असतो, विचारू नका. येत्या गुरुवारी पालकसभा आहे, तिथे दोन ग्रुपचं मांडते. आठवीचा परीक्षेचा नियमही फळ्यावर लिहून ठेवते, दाखल्याच्या यादीसकट.

पाळीवाला

सभा किती वाजता?

खडू-डस्टर

दुपारी तीन.

पाळीवाला

बघा.

निवृत्त घंटा

बाई, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवून बघा. आम्ही ती अकराला ठेवायला लागलो तेव्हा बाप लोक पहिल्यांदा दिसले.

खडू-डस्टर

शनिवारी विचारते. मुख्याध्यापक हो म्हणाले तर इथेच कळवते. ग्रुपवर नाही.