मदत हवी आहे: कोरियातली डोंगरातली बुद्ध मंदिरं, सोबत गुडघेदुखीवाली आई आणि डोंगरवेडा नवरा

शेवंता

नमस्कार मंडळी,

दसरा आटोपला की आई, नवरा आणि मी दक्षिण कोरियाला निघतोय. हाताशी आठवड्याच्या थोडे वर दिवस आहेत. आई नागपूरची, दीक्षाभूमीची गर्दी तिने एकाही वर्षी चुकवलेली नाही. बोधगया, सारनाथ, कुशीनगर पाहून झालंय. आता तिला जंगलातली, डोंगरातली मंदिरं बघायची आहेत. नवरा सह्याद्रीत भटकून मोठा झालेला. मंदिरामागे डोंगर दिसला की त्याला तो चढायचाच असतो. आणि आईचे गुडघे! सपाटीवर तासभर मजेत चालते, पायऱ्या उतरताना मात्र रडकुंडीला येते. जमिनीवर बसवत नाही. शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

माझ्या यादीत तोंगदोसा, हेइन्सा आणि सोंगग्वांगसा आहेत. कोरियात ही तीन रत्नांची मंदिरं मानतात: पहिलं बुद्धाचं, दुसरं धम्माचं, तिसरं संघाचं. हे आईला सांगून बसले, आता तिला तिन्ही हवीत. त्यात २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली सात डोंगरी मंदिरं मिळवली की नकाशाला कांजिण्या झाल्यासारखं दिसतं.

काय ठेवू, काय गाळू? मंदिरातला मुक्काम, ते टेम्पलस्टे म्हणतात तो, आईला झेपेल का? आणि नवऱ्याला खराखुरा चढ मिळेल, पण तोवर आईला बाकड्यावर ताटकळत बसावं लागणार नाही, अशी जागा आहे का? एका टूरवाल्याला विचारलं तर त्याने सोलचे राजवाडे आणि खरेदी असा ठरलेला कागद पुढे सरकवला.

डोंगरखुळा

सातांची यादी आधी फाडून टाका. त्यातलं बुसोक्सा (सन ६७६ चं, फार देखणं) एकावर एक दगडी जोत्यांवर चढत गेलंय. पायऱ्यांवर पायऱ्या. आईंसाठी नाही.

तोंगदोसा मात्र काही झालं तरी ठेवा. ते भलंमोठं आहे, पण बहुतेक सगळं सपाट. फाटकापासून मंदिरापर्यंत ओढ्याकाठाने पाइनच्या झाडांमधून रस्ता जातो, तोच अर्धा आनंद आहे. पाइन सरळ नाहीत, वाकडेतिकडे होऊन वाटेवर झुकलेत. जेजांग नावाच्या भिक्खूंनी ६४६ साली हे मंदिर स्थापलं, चीनहून आणलेले बुद्धाचे धातू, म्हणजे अस्थी-अवशेष, इथे ठेवले अशी परंपरा आहे. म्हणून मुख्य दालनात बुद्धमूर्तीच नाही! मूर्तीच्या जागी खिडकी आहे, आणि तिच्यापलीकडे धातू ठेवलेला दगडी चौथरा. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर "मूर्ती कुठे नेली?" म्हणतील.

सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेगाडीने जायचं. स्टेशनचं नावच उल्सान (तोंगदोसा) आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. पुढे बस किंवा टॅक्सी.

सुवॉनकर

इथेच राहतो म्हणून लिहितो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओदेसान डोंगर. डोळे झाकून.

सोलहून गांगनुंगच्या केटीएक्सने जिन्बू स्टेशन, दीड तासाच्या आसपास. तिथून गावची बस वोल्जोंगसा मंदिराला आणि पुढे सांगवोन्सा मंदिरापर्यंत जाते. बसेस कमी आहेत, परतीची वेळ उतरतानाच फोनमध्ये टिपून घ्या.

वोल्जोंगसाच्या दारातून जवळपास किलोमीटरभर फरच्या उंच झाडांची वाट आहे. पूर्ण सपाट, मऊ मातीची, कित्येक कोरियन आज्या बूट हातात धरून अनवाणी चालतात. मध्ये एक जुना फर कोसळलाय, त्याचा पोकळ बुंधा तसाच पडू दिलाय. आत माणूस उभा राहून फोटो काढतो. मंदिरात आठ कोनांचा नऊ मजली दगडी स्तूप आहे आणि त्याच्यासमोर एक गुडघा टेकून काहीतरी अर्पण करणारी बोधिसत्त्वाची मूर्ती (तिथे प्रतिकृती, मूळ संग्रहालयात). १९५१ मध्ये कोरियन युद्धात हे मंदिर जळलं, स्तूप उरला.

वोल्जोंगसा ते सांगवोन्सा ओढ्याच्या काठाकाठाने सोन्जेगिल नावाची वाट आहे, साधारण नऊ किलोमीटर. गाडीरस्ता तिच्या सोबतीनेच जातो. म्हणजे आईंनी हवं तेवढं चालावं, दमल्या की रस्त्यावर येऊन बस पकडावी. आणि सांगवोन्साच्या पुढे तुमच्या यजमानांसाठी बिरोबोंग शिखर, १,५६३ मीटर. जाऊन-येऊन चारेक तास, दम काढणारा चढ. वाटेत बुद्धधातूंचं आणखी एक ठिकाण लागतं.

सांगवोन्सात ७२५ सालची घंटा आहे, कोरियातली सगळ्यात जुनी. सांगतात की युद्धात हे मंदिरही जाळायचा हुकूम होता. हानाम हे वृद्ध भिक्खू चीवर नेसून दालनात जाऊन बसले, "आता जाळा" म्हणाले. अधिकाऱ्याने नुसती दारं काढून पेटवली आणि धूर दाखवून निघून गेला.

पायपीट

सगळे सपाटीचंच काय सांगताय! सोराक्सान डोंगरातलं बोंगजोंगाम मंदिर करा. १,२०० मीटरच्या वर आहे, तेही धातूंचं स्थान. सत्तरीच्या कोरियन बायका पाठीवर तांदूळ घेऊन चढताना मी पाहिल्यात. श्रद्धा असली की गुडघे चालतात.

डोंगरखुळा

पायपीट, काहीही काय! पायथ्याच्या बेकदामसा मंदिरापासून एका बाजूने दहा किलोमीटरच्या वर, शेवटचा टप्पा हातापायांवर. त्या बायका आयुष्यभर डोंगर चढत आल्यात. चढतील एक वेळ या आई, उतरायचं कुणी? ताईंनी पहिल्याच ओळीत उतरण्याचा त्रास लिहिलाय.

शेवंता

बोंगजोंगाम आईला वाचून दाखवलं नाहीये, नाहीतर हट्टच धरेल. :)

ओदेसान पक्कं. पण मुक्कामाचं काय? जमिनीवर झोपायचं म्हणे. आणि आईचा प्रश्न: तिला तिथे आपली पाली वंदना म्हणता येईल का? कुणी हटकणार नाही ना?

रानजाई

टेम्पलस्टे २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी सुरू झालं, आता देशभरातल्या मंदिरांत आहे, एकाच संकेतस्थळावर इंग्रजीतून आरक्षण होतं. दोन प्रकार असतात. एकात दिवसभर कार्यक्रम: १०८ नमस्कार, माळ ओवणं, ध्यान, भिक्खूंसोबत चहा. दुसरा विश्रांतीचा, त्यात जेवणाच्या वेळा पाळायच्या, बाकी तुम्ही मोकळे. आईंसाठी हा दुसरा घ्या. नमस्कारांची सक्ती नसते.

झोपणं खालीच, गादी अंथरून. जमीन खालून गरम केलेली असते, त्याने दुखऱ्या सांध्यांना बरं वाटतं, अडचण उठण्या-बसण्याची. आरक्षण करताना लिहा की वयस्क बाई आहेत, प्रार्थनेला खुर्ची लागेल, खोलीला लागून स्वच्छतागृह हवं. काही ठिकाणी पलंगाची खोलीही असते, पण विचारल्याशिवाय मिळत नाही.

एक रात्र तरी राहाच, कारण दिवसाचे पर्यटक पाचला बसने निघून जातात आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. तिन्हीसांजेला चार वाद्यं वाजतात. आधी माणसापेक्षा उंच ढोल, जमिनीवरच्या प्राण्यांसाठी. मग पोटात पोकळी असलेला लाकडी मासा, पाण्यातल्यांसाठी. ढगाच्या आकाराचा धातूचा पत्रा पाखरांसाठी. आणि घंटा, नरकात पिचणाऱ्यांसकट सगळ्यांसाठी. ढोलावर भिक्खू आळीपाळीने येतात, एकाचा हात थांबायच्या आत दुसऱ्याचा पडतो. पहाटे चारच्या सुमाराला एक भिक्खू लाकडी ठोकळा वाजवत अंगणातून फिरतो, तोच गजर.

वंदनेचं: मनातल्या मनात किंवा हळू आवाजात म्हटली तर कुणीही काही म्हणत नाही, उलट भारतातून आलात कळलं की हात जोडतात. त्यांच्या प्रार्थनेत शेवटी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र असतं. "गते गते पारगते" कानावर पडेल, फक्त त्यांच्या उच्चारात ते "आजे आजे बाराआजे" होतं. आईंना आधी सांगितलंत तर बरोबर पकडतील.

दोन नियम. दालनात मधल्या दारातून शिरायचं नाही, ते भिक्खूंचं. आपण बाजूच्या दाराने. आणि आत फोटो नाही.

खवय्यी

जेवणाची अजिबात काळजी नको, मंदिरात तरी. मांस, मासे, अंडं नाहीच, वर कांदा, लसूण आणि त्यांची भावंडंही वर्ज्य. वर्ज्य पाचांच्या यादीत चक्क हिंग आहे! म्हणजे आपली हिंगाची डबी खोलीतच राहू द्या. रानभाज्या, टोफू, शेवाळ, वेगवेगळी लोणची, भात. ताटात घ्याल ते संपवायचं, शिल्लक टाकणं अगदी वाईट दिसतं.

बाहेर मात्र डोळ्यांत तेल घालून. "भाज्यांचं" म्हणून येणाऱ्या सूपचं पाणी सुक्या मासळीचं असतं, नेहमीच्या किमचीत (कोबीचं आंबवलेलं लोणचं) माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. मंदिरांच्या पायथ्याशी रानभाज्यांचं बिबिम्बाप (भाज्या कालवून खायचा भात) मिळतं, त्यात अंडं घालू नका असं आधीच सांगा. कोरियन लिपीत "मांस, मासे, अंडं, माशाचं पाणी नको" असा कागद करून ठेवा. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर हॅम काढून देतात, बाकी तसंच.

सुवॉनकर

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागतो. के-ईटीए नावाची व्हिसाऐवजी ऑनलाइन परवानगीची जी सोय ऐकाल ती आपल्यासाठी नाही. रस्त्यांसाठी गूगलवर विसंबू नका, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. बस-मेट्रोच्या भाड्याचं टी-मनी कार्ड सोलला उतरल्याबरोबर घ्या.

मंदिरांच्या प्रवेशाचे पैसे बहुतेक ठिकाणी लागणार नाहीत. जोग्ये या कोरियातल्या सगळ्यात मोठ्या बौद्ध पंथाच्या मंदिरांनी मे २०२३ पासून ते बंद केलेत. जुने ब्लॉग वाचून गोंधळू नका.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओदेसान रंगात असतो, दक्षिणेकडे पानं नंतर रंगतात. म्हणजे उत्तरेकडून खाली यायचं. शनिवार-रविवार टाळा, अख्खा सोल डोंगरावर असतो. पहाटे तिथे पाणी गोठायच्या बेताची थंडी, आईंना लोकरीचे मोजे हवेतच.

डोंगरखुळा

त्यात भर: नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाभर वणव्याच्या भीतीने राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच वाटा बंद करतात. तुम्ही त्याआधी येताय ते बरं. उगाच कडक नाहीत ते. २००५ मध्ये वणव्यात नाक्सान्सा मंदिर जळलं, तिथली घंटा वितळली. मार्च २०२५ मध्ये गोउन्सा मंदिराचा बराचसा भाग गेला.

शेवंता

तर असं ठरतंय. सोलहून जिन्बू, ओदेसानला दोन रात्री, त्यातली एक वोल्जोंगसात. मग परत सोलमार्गे तोंगदोसा, आणि देगूहून बसने हेइन्सा. सोंगग्वांगसा गळलं. आई म्हणते, "संघ नाही बघितला तर कसं?" नवऱ्याने तिला समजावलं की तिथले भिक्खू पाहणार आहोत तोच संघ. तेवढ्यावर गप्प बसली आहे.

हेइन्सात तिला नेमकं किती चढावं लागेल?

डोंगरखुळा

बसथांब्यापासून वीसेक मिनिटं, हलका चढ, रुंद वाट. मंदिरात मात्र पायऱ्या आहेत आणि बौद्ध ग्रंथ छापायच्या लाकडी ठशांची कोठारं सगळ्यात वर, मुख्य दालनाच्याही मागे. हाताला धरून, थांबत थांबत जा. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्या चालू असताना कोरलेले ८१ हजारांवर ठसे तिथे रचलेत. नुसतं जाळीतून दिसतं, पण भिंतीकडे बघा: समोरच्या आणि मागच्या खिडक्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्यात, समोर खालची मोठी तर वरची लहान, मागे उलट. त्याने हवा आत फिरून मग बाहेर पडते. जमिनीत कोळसा, मीठ, चुना. यंत्र एकही नाही. तुमचे यजमान इंजिनियर असले तर त्यांना तिथून हलवावं लागेल.

आणि त्यांना बिरोबोंगबद्दल सांगा: वाटेच्या तोंडाशी त्या दिवसाची शेवटची प्रवेशवेळ लिहिलेली असते, उशीर झाला तर रक्षक परत पाठवतात. आपल्यासारखं "जरा जाऊन येतो" चालत नाही. सांगवोन्साची सकाळची पहिली बस धरायची, आणि वोल्जोंगसाला परत येणारी शेवटची बस कधी आहे ते चालकालाच विचारून ठेवायचं.