दहावी पण नाही आणि जीसीएसई पण नाही, मुलीला थेट ए लेव्हलला घेतील का?

उंबरठा
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही जानेवारीत इंग्लंडला आलो, मिडलँड्समध्ये. नवऱ्याचा स्किल्ड वर्कर व्हिसा, आम्ही दोघी डिपेंडंट. मुलगी दहावीत होती, मार्चमध्ये बोर्ड. खरं तर तिला परीक्षेपर्यंत आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं होतं पण ऐनवेळी सासूबाईंचं ऑपरेशन निघालं आणि तिलाही घेऊन आलो, म्हटलं इकडच्या शाळेत बसवू, हुशार आहे, होईल सगळं. इथे येऊन बघतो तर तिच्या वयाची मुलं इयर ११ ला, मे-जूनमध्ये त्यांची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, आणि अशा वेळी वर्गात नवीन मूल घ्यायला कोणी तयार नाही. कौन्सिलमार्फत शाळा मिळाली तोवर मार्च उजाडला, परीक्षेचे फॉर्म कधीच गेलेले. म्हणजे दहावी गेली, जीसीएसई पण गेली. डिसेंबरमध्ये १६ पूर्ण झाली ती.

आता तिला मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री ए लेव्हल (इथली अकरावी-बारावी) करायचंय, पुढे इंजिनिअरिंग. त्याच शाळेच्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए लेव्हलच्या वर्गांना, विचारलं तर म्हणे किमान पाच जीसीएसई, त्यात इंग्लिश-मॅथ्स हवंच, आणि मॅथ्स ए लेव्हलला घ्यायचं असेल तर ग्रेड ७ (९ सगळ्यात वरची). नववीची मार्कशीट दाखवली, ९२ टक्के आहेत. त्यांनी झेरॉक्स काढून फाईलला लावली आणि हसून निरोप दिला.

नवरा म्हणतो घरी बसून प्रायव्हेट ए लेव्हल दे. सासरे म्हणतात परत पाठवा, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देऊ दे. पोरगी काहीच बोलत नाही, दिवसभर खोलीत असते. जीसीएसईशिवाय ए लेव्हल करताच येत नाही असा नियम आहे का हो? कोणी केलंय का असं?

सह्याद्रीपार
ताई, यूके एनिक म्हणून संस्था आहे, पूर्वी नारिक म्हणायचे. ते बाहेरच्या देशातल्या सर्टिफिकेटची इथल्याशी तुलना करून लेटर देतात. माझ्या भाच्याचं दहावीचं तिथूनच करून घेतलं होतं, कॉलेजने घेतलं. नववीच्या मार्कशीटचं करून घ्या की.

पेपरसेट
मी एका कॉलेजच्या एक्झाम्स ऑफिसमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर.

आधी सह्याद्रीपार यांचं. एनिक चांगलंच आहे पण ते बोर्डाच्या किंवा तशा मान्यताप्राप्त परीक्षेची तुलना करतं. नववी ही शाळेची अंतर्गत परीक्षा, तिथे तुलना करायला काही नाही. तुमच्या भाच्याकडे दहावीचं सर्टिफिकेट होतं, इथे घोडं तिथेच पेंड खातंय.

आता मूळ प्रश्न. जीसीएसई नसेल तर ए लेव्हलला बसता येत नाही असा नियम नाही. एक्यूए, एडेक्सेल, ओसीआर, कुठलंच बोर्ड तुमच्या मुलीला आधीचा निकाल मागणार नाही. अट असते ती शाळेची किंवा कॉलेजची, आणि ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून एकाने नाही म्हटलं म्हणजे संपलं असं नाही.

पण ते नाही का म्हणतात तेही समजून घ्या, नुसता आडमुठेपणा नसतो. इंग्लंडमध्ये १६ ते १९ वयाच्या मुलाचा सरकारी पैसा घ्यायचा तर त्या मुलाकडे इंग्लिश आणि मॅथ्सला ग्रेड ४ नसेल तर ते दोन विषय त्याला शिकवत राहणं ही अट आहे. मोठ्या कॉलेजात त्यासाठी वेगळे वर्ग चालू असतातच. शाळेला जोडलेल्या छोट्या सिक्स्थ फॉर्ममध्ये सगळी पोरं ५, ६, ७ वाली, तुमच्या एका मुलीसाठी जीसीएसई इंग्लिशचा वर्ग कुठून काढणार. त्यामुळे तिथे डोकं आपटण्यापेक्षा मोठी एफई (फर्दर एज्युकेशन, शाळेनंतरच्या शिक्षणाची) कॉलेजं आणि स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजं गाठा.

आणि हे फारसं कोणाला माहीत नसतं: इंग्लिश लँग्वेज आणि मॅथ्स या दोनच जीसीएसई नोव्हेंबरमध्येही होतात. सगळे त्याला रीसिट म्हणतात म्हणून लोकांना वाटतं नापासांसाठीच आहे. तसं नाही, अट फक्त वयाची, त्या वर्षी ३१ ऑगस्टला १६ पूर्ण हवीत. तुमची मुलगी पहिल्यांदाच बसू शकते. एन्ट्री ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, निकाल जानेवारीत. मॅथ्सचे पेपर दोन पातळ्यांचे असतात, फाउंडेशन आणि हायर टियर. हायरच घ्या, फाउंडेशनला कितीही छान लिहिलं तरी ५ च्या वर ग्रेड मिळत नाही आणि मग ए लेव्हल मॅथ्सवाले परत नाक मुरडणार.

उंबरठा
बापरे, नोव्हेंबरचं खरंच माहीत नव्हतं, शाळेत एक अक्षर कोणी बोललं नाही. धन्यवाद ताई. मग मिस्टर म्हणतात तसं प्रायव्हेट ए लेव्हलचं काय? ऑनलाइन कोर्सवाले तर लगेच या म्हणतायत, जीसीएसईची गरज नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलंय त्यांच्या साईटवर.

पेपरसेट
लिहिलंय ते खोटं नाही, पण अर्धंच लिहिलंय. नुसतं मॅथ्स असतं तर मी म्हटलं असतं खुशाल करा, मॅथ्सला फक्त लेखी पेपर. इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजीचंही तसंच. पण फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रॅक्टिकल एन्डॉर्समेंट नावाचं वेगळं प्रकरण आहे. किमान १२ प्रॅक्टिकल्स करायची, शिक्षकाने ती बघून पास द्यायचं, आणि सर्टिफिकेटवर ते ग्रेडच्या शेजारी वेगळं दिसतं. प्रायव्हेट मुलगी नुसते पेपर देऊन ए ग्रेड आणू शकते, पण एन्डॉर्समेंटचा पास मिळत नाही आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या इंजिनिअरिंगला, सायन्सला तो पास मागतात. प्रॅक्टिकल्स बाहेरून करून देणारी सेंटर्स आहेत, दर विषयाला काहीशे पौंड आणि काही दिवस तिथे जाऊन राहायचं. शिवाय परीक्षेला प्रायव्हेट उमेदवार घेणारं सेंटर तुम्हीच शोधायचं, त्याची फी वेगळी. उन्हाळ्याच्या परीक्षेच्या एन्ट्रीची तारीख साधारण फेब्रुवारीच्या २१ च्या आसपास, त्यानंतर लेट फी. जे कॉलेजात फुकट होतं त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हिस्ट्री, इंग्लिश लिटरेचर घेणाऱ्यांचं तर आणखी कठीण, त्यात २० टक्के कोर्सवर्क असतो आणि तो तपासायला सेंटर सहसा तयार होत नाही.

गोदाकाठ
आमच्याकडे हुबेहूब नाही पण जवळपास हेच झालं, मुलाचं. तो आजारी होता, दोन वर्षं शाळेत जवळजवळ गेलाच नाही, इयर ११ ला एकही परीक्षा नाही दिली. तीन ठिकाणी नकार. चौथं एक एफई कॉलेज होतं, आम्हाला ते आवडलंही नव्हतं, बिल्डिंग जुनी, बस दोन बदलून जायचं. तिथे एक वर्षाचा जीसीएसई प्रोग्राम होता १६ च्या पुढच्या मुलांसाठी, इंग्लिश, मॅथ्स, सायन्स आणि अजून एक विषय. मला आधी फार वाईट वाटलं, वर्ष वाया जाणार, बरोबरीची पोरं पुढे जाणार वगैरे. आता मागे वळून बघताना वाटतं ते वर्ष मिळालं म्हणून बरं झालं, कारण फक्त अभ्यास नाही, त्याला पुन्हा सकाळी उठून कुठेतरी जायची सवय लागली. मग त्याच कॉलेजने ए लेव्हलला घेतलं, आधीच्या वर्षाचे शिक्षक ओळखत होते त्यामुळे कागद कमी आणि माणसं जास्त कामाला आली.

ताई तुम्ही लिहिलंय ना की ती बोलत नाही, खोलीत असते. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, घरी बसवून प्रायव्हेट वगैरे नका करू हो या वयात, परक्या देशात. मैत्रिणी कुठून मिळणार तिला?

आणि वयाचा हिशोब बघितलात तर तीन वर्षं बसतात. एक वर्ष जीसीएसई, दोन ए लेव्हल, तिसरं वर्ष सुरू होताना ती १८ ची असेल, म्हणजे १६-१९ च्या फंडिंगमध्येच. व्हिसाचे कागद मात्र कॉलेजच्या अ‍ॅडमिशन्सला आधीच दाखवून ठेवा.

कोकणकडा
तुम्ही इंग्लंडमध्ये आहात म्हणून हे सगळं ठीक, स्कॉटलंडला असतात तर यातलं काही लागू नाही, तिथे जीसीएसई-ए लेव्हलऐवजी नॅशनल ५ आणि हायर. हे पुढे कोणी वाचेल म्हणून टाकून ठेवतो.

सासऱ्यांच्या मुद्द्याबद्दल. १७ नंबर फॉर्म हा मार्ग खरा आहे, बाहेरून बसता येतं. पण त्यासाठी तिला परत पाठवणार, पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबणार, मे-जूनमध्ये निकाल, मग इथे सप्टेंबर. वर्ष तेवढंच जाणार. आणि हातात दहावी आली तरी इथे इंग्लिशचा प्रश्न राहतोच, गणिताचे मार्क मान्य करतील पण इंग्रजीला बहुतेक ठिकाणी जीसीएसई किंवा आयईएलटीएससारखं काहीतरी मागतील. मग तेच वर्ष इथेच का नाही घालवायचं.

रातराणी_३८
मी वेगळ्या बाजूने सांगते. माझी दहावी इंग्रजी-गणितात राहिली, मग लग्न, मग इकडे. ३४ व्या वर्षी नर्सिंग करावंसं वाटलं. मोठ्या माणसांसाठी ए लेव्हल करत बसायची गरज नाही, १९ च्या पुढच्यांना युनिव्हर्सिटीत जाण्यासाठी अ‍ॅक्सेस टू एचई डिप्लोमा आहे. ६० क्रेडिट, त्यातले ४५ ग्रेडवाले, मी एका वर्षात केला, पोरं शाळेत असायची तेवढ्या वेळात. त्याला लोन मिळतं आणि पुढे डिग्री पूर्ण केली की ते लोन माफ होतं. फक्त त्याला राहण्याच्या अटी आहेत, मी आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळेपर्यंत थांबले होते.

पण सांगायचं कारण वेगळंच. अ‍ॅक्सेसच्या दारातच मला विचारलं इंग्लिश-मॅथ्स लेव्हल २, म्हणजे जीसीएसईच्या तोडीचं, आहे का. ते केलं, फंक्शनल स्किल्स नावाची परीक्षा देऊन. मग युनिव्हर्सिटीला अर्ज केले तर एकीने फंक्शनल स्किल्स चालवून घेतलं, दुसरी म्हणाली जीसीएसईच पाहिजे. म्हणजे मी ते दोन विषय १६ व्या वर्षापासून टाळत आले आणि ३५ व्या वर्षी पदर धरून उभे राहिले माझा. बाकीच्या जीसीएसई मला आजपर्यंत कोणी विचारल्या नाहीत, एकदाही नाही. हिस्ट्री नाही, जिऑग्राफी नाही. तेव्हा मुलीचं काहीही करा, ए लेव्हलला थेट घेतलं तरी घ्या, पण इंग्लिश आणि मॅथ्स जीसीएसई पदरात पाडून ठेवा.

(ओपन युनिव्हर्सिटीला तर तेही लागत नाही बहुतेक डिग्र्यांना, १९७१ पासून ते असंच घेतायत, माझी मैत्रीण करतेय. पण १६ वर्षांच्या मुलीला तो सल्ला मी देणार नाही.)

पेपरसेट
रातराणी, अगदी हेच रोज बघते मी ऑफिसला. नोव्हेंबरच्या परीक्षेला आमच्याकडे १६ च्या पोरांच्या रांगेत चाळिशीच्या बायका बसलेल्या असतात.

उंबरठाताई, एक करा. ऑगस्टमध्ये गुरुवारी जीसीएसईचा निकाल लागतो, त्यानंतर लगेच कॉलेजांचे एनरोलमेंटचे दिवस. अर्ज केलेली बरीच पोरं येत नाहीत, जागा सुटतात. त्या दिवशी ईमेल नाही, प्रत्यक्ष जा, मुलीला घेऊन जा आणि तिलाच बोलू द्या. वह्या न्या तिच्या. कॉलेजं इनिशियल असेसमेंट म्हणून कॉम्प्युटरवर इंग्लिश-मॅथ्सची छोटी चाचणी घेतात, ती चांगली गेली की बोलणं सोपं होतं. तिथे सरळ विचारा की नोव्हेंबरला दोन्ही देते, मॅथ्स ए लेव्हल आत्ता सुरू करू देता का. सगळी देणार नाहीत. एखादं देतं.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री मोठ्याने वाचून दाखवलं घरात. मिस्टरांना १२ प्रॅक्टिकल्सचं ऐकून प्रायव्हेटचा नाद सुटला. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले बरं, पण मराठी विसरू नका म्हणावं. 😄

आज दोन कॉलेजांना फोन केला. एकाने एक वर्षाच्या जीसीएसई प्रोग्रामसाठी पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय, दुसऱ्याने एनरोलमेंटलाच या म्हटलं. मुलगी स्वतः बोलली फोनवर, मी नुसती शेजारी बसून होते. नंतर बाहेर येऊन विचारते, आई, मॅथ्सला कॅल्क्युलेटर चालतो का गं इकडे? दहावीला तर हात लावू देत नव्हते. खरंच, चालतो का?

पेपरसेट
तीन पेपर असतात, प्रत्येकी दीड तास. एक कॅल्क्युलेटरशिवाय, बहुतेक बोर्डांत पहिला, आणि बाकीचे दोन कॅल्क्युलेटर घेऊन. साधा नाही, सायंटिफिक घ्या आणि आत्तापासूनच वापरायला द्या, आपल्याकडून आलेली पोरं तोंडी हिशोबात पुढे असतात आणि कॅल्क्युलेटरच्या पेपरला बटणं शोधत बसतात.