उपकारस्तुती आणि नम्रता: प्रत्यक्षात कसं करता? (अनुभव धागा)

"देवाचे आभार माना, लीन व्हा" हे चर्चमधल्या उपदेशात सगळेच ऐकतो. ते अमलात आणताना काय लागतं आणि कुठे बिनसतं, ते जाणत्यांनी इथे लिहावं. वैयक्तिक साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं त्याच्या गोष्टी) नकोत. कामाचं लिहा.

मंडळीचे पंच, नगर भाग

कापणीच्या सणाची तयारी. तारीख आधी छापू नका. बाजरी घरात आली की पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलून रविवार धरा, नाहीतर लोक बाजारातून आणलेलं धान्य अर्पण करतात आणि सणाचा अर्थच जातो. वेदीपुढे आधी प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, मग अर्पणं. ओली मेथी-कोथिंबीर थेट वेदीच्या कापडावर ठेवली तर डाग जात नाहीत. ऊस आणि गूळ भिंतीपासून लांब ठेवा, मुंग्या लागतात. कोंबड्या बाहेर सावलीत, पाय सैल बांधून, जवळ पाण्याचं भांडं. उपासना दोन तास चालते हे विसरू नये.

उपासनेनंतर आवारात अर्पणांचा लिलाव. एकाने पुकारायचं, दुसऱ्याने लिहायचं, तिसऱ्याने जागेवर पैसे घ्यायचे. "नंतर देतो" म्हणून सोडलेली रक्कम हमखास बुडते, आणि मागायला जाणाऱ्याचंच तोंड वाईट होतं. नाशवंत माल आधी काढा. धान्याचे पायली-पायलीचे वाटे करा. अख्खं पोतं पुकारलं की दोन-तीन सधन घरांतच चढाओढ लागते आणि बाकीची मंडळी नुसती बघत बसते. एका भोपळ्याचे हजार रुपये झाले की टाळ्या पडतात, पण त्या टाळ्या देवासाठी नसतात. पावती नावाने द्या, हिशेबाला ती लागते. नावं मात्र वाचून दाखवू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तय 6:3 सांगतं; ते कर्ण्यावरून कळवण्यासाठी नाही.

वसईहून

आमच्याकडे आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. तेव्हा फक्त हळवं (लवकर पिकणारं) भात तयार असतं, गरवं (उशिरा पिकणारं) उभंच असतं. म्हणून पेरणीच्या वेळीच कुणाच्या खाचरातून कणसं घ्यायची ते ठरवून ठेवा. दाणा पिवळा पण काडीत थोडा हिरवेपणा असताना कापा. पूर्ण वाळलेलं भात मिरवणुकीतच झडतं. दव सुकल्यावर विळा लावा. ओली पेंढी प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिली तर सकाळी कुबट वास येतो. आशीर्वादानंतर घरोघर द्यायला चार-पाच लोंब्यांची जुडी पुरते, सुतळीने बांधा. मागच्या वर्षीची जुडी कचऱ्यात टाकू नये. जाळा किंवा मातीत पुरा.

गोव्यात कणसांचं फेस्त (असाच सण) याच्या बरंच आधी येतं: राय गावाला 5 ऑगस्टला, ताळगावला 21 ऑगस्टला.

वेदीसेवक

पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या) येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर लोकांचे पाय धुतात, त्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण इथे नम्रतेचं नाटक फार पटकन होतं.

सामान: दोन तांबे, एक मोठं घमेलं, प्रत्येकाला वेगळा टॉवेल, फादरांच्या गुडघ्याखाली पातळ उशी. पाणी कोमट. दर पावलाला पेलाभर पाणी भरपूर होतं. एकच पाऊल धुवायचं असेल तर तसं आधी सांगा, नाहीतर निम्मे दोन्ही मोजे काढतात, निम्मे एकच. सहा जणांनंतर घमेलं रिकामं करा. भरलेलं घमेलं सरकवताना वेदीच्या पायरीवर पाणी सांडतं आणि पुढचा माणूस घसरतो. म्हाताऱ्यांच्या पायाखाली वीतभर उंचीचा पाट द्या.

बारा माणसं ही प्रथा आहे; मिस्साग्रंथात (उपासनेच्या विधींच्या पुस्तकात) आकडा दिलेला नाही. 6 जानेवारी 2016 च्या व्हॅटिकनच्या आदेशानंतर स्त्रियांचीही निवड करता येते. तरी अजून देणगीदार आणि समितीचे सभासदच बसवतात. निवडताना रुग्णाची सेवा करणारे, सफाई करणारे, परप्रांतातून आलेले, एकटे राहणारे असे शोधा. आठवडाभर आधी घरी जाऊन विचारा, वेदीवरून जाहीर करू नका. "माझे पाय कसे दाखवू" म्हणून भेगाळलेल्या टाचांचीच माणसं नकार देतात, आणि साबणाने घासून आणलेले पाय पुढे येतात. नकार देणाऱ्यांना सांगा, येशूचा शिष्य पेत्र यानेही आधी नकोच म्हटलं होतं (योहान 13:8). फोटो एकानेच, मागून, फ्लॅशविना. टॉवेल मात्र नंतर समितीने धुवावेत. ते नेहमी एकाच बाईच्या गळ्यात पडतात.

प्रार्थना सभा चालवणारी

साक्षीला तीन मिनिटं. गेल्या आठवड्यातली एकच गोष्ट, आणि ज्या माणसाच्या हातून देवाने ती दिली त्याचा उल्लेख: नर्स, शेजारी, रिक्षावाला. "अपघातात बाकीचे गेले, मला देवाने वाचवलं" हे वाक्य टाळायला शिकवा. त्याच सभेत कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. बरं झाल्याची साक्ष असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका हेही तिथेच सांगा.

स्तोत्र 136 एकाने पूर्वार्ध आणि सगळ्यांनी "कारण त्याची दया सनातन आहे" असं म्हणायला छान, पण 26 ओव्या आहेत. दहाव्यानंतर आवाज रेंगाळतो. पुरुष, स्त्रिया, मुलं असे आळीपाळीने घ्या.

प्रश्न: एकट्याने घरी काय करावं?

उत्तर (वेदीसेवक): संत इग्नेशियस (जेझुइट संघाचे संस्थापक) यांची रोजची आत्मपरीक्षा. पाच पायऱ्या, क्रम महत्त्वाचा: मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार, पाप ओळखण्याची कृपा मागणं, दिवसाचा तासातासाने हिशेब, क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय आणि त्याच पायरीच्या शेवटी प्रभूची प्रार्थना. बहुतेक जण थेट हिशेबाला बसतात आणि स्वतःला झोडपत राहतात. त्यात नम्रता कमी, स्वतःचीच चर्चा जास्त. आभारात "कुटुंबासाठी, आरोग्यासाठी" असं ठोकळेबाज नको. आज नळाला पाणी आलं, हरवलेली किल्ली सापडली, असं नेमकं म्हणा. पंधरा मिनिटं पुरतात. फक्त अंथरुणावर पडून करू नका, पहिल्या पायरीलाच डोळा लागतो.